मोडीचा साखरपुडा

सोयरीक मोडली की अंगठी परत करायची असते. ती कशी करायची, हे अख्ख्या उदगीरात एकट्या बस्वराजअण्णांना कळतं. आमचे शेजारी, सत्तरी ओलांडलेले, बिनलग्नाचे. अर्धा किलो साखर घेतात, कागदाच्या पुड्यात बांधतात, मधोमध अंगठी पुरतात आणि पुडा समोरच्यांच्या घरी नेऊन देतात. "पुड्यानं बांधलं ते पुड्यानंच सोडावं," हा त्यांचा कायदा. कुरिअरनं किंवा भावाच्या हातून धाडलेली अंगठी त्यांच्या लेखी परत गेलेलीच नसते.

निघण्याआधी अण्णा बायोडाट्यातल्या 'अपेक्षा' मोठ्यानं वाचतात. लातूरच्या एका मुलीनं निर्व्यसनी मुलगा मागितला होता. मिळालाही. पण नांदेडच्या एसटीत शेजारी बसून तो असा घोरला की ड्रायव्हरनं इंजिन बिघडलं समजून गाडी बाजूला घेतली. मुलीनं तिथंच सोयरीक मोडली. अण्णा हळहळले, "घोरणं लिव्हायला बायोडाट्यात जागाच न्हाई."

हिमायतनगरात मात्र त्यांची फजिती झाली. मुलाच्या आईनं काही न ऐकता पुडा थेट चहाच्या पातेल्यावर फोडला. चहाचा पाक झाला, अंगठी गाळणीत आली. सगळे इतके हसले की सोयरीक पुन्हा जुळली. अण्णा आठवडाभर घुश्शात. हातून पहिल्यांदाच काम बिघडलं होतं.

चौकात मी त्यांना 'साखर कारखाना' म्हणायचो. माझीही अंगठी त्यांनीच पोचवली होती, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. इस्लापूरची मुलगी माझ्यापेक्षा दोन बोटं उंच होती. साखरपुड्याच्या फोटोत ते दिसलं आणि मी कच खाल्ली. पत्रिका जुळत नाही असं सांगा, म्हणून अण्णांना विनवलं. परत येऊन ते म्हणाले, "खरं तेच सांगितलं. पोरगा बुटका पडला, म्हणलं." ते उंचीबद्दल बोलले होते, असं मला आजही वाटत नाही.

गेल्या महिन्यात अण्णा तापानं पडले. मी त्यांच्याकडं चहा करायला गेलो. साखरेच्या डब्यात चमचा कशाला तरी अडला. जुन्या घडणीची पुरुषी अंगठी, आत 'ब' कोरलेला.

ती घेऊन खाटेपाशी गेलो. अण्णा सांगू लागले. बिदरकडची मुलगी होती, साखरपुडा झालेला. घरच्यांनी तिला दुसरीकडं दिली. अंगठी न्यायला कुणी आलं नाही आणि द्यायला हेही गेले नाहीत.

"अण्णा, माझी तुम्ही नेलीत. ही मी नेतो. साखर आणतो, पुडा बांधतो."

"नको रे."

"त्या बाईंची नातवंडं शाळेत जात असतील आता."

"असतील की. लगीन तिचं झालं. सोयरीक कुठं मोडली? पुडा कुठं गेलाय?"

मी अंगठी होती तिथं पुन्हा पुरली. चहा घेऊन आलो तर अण्णा म्हणाले, "झाकण घट्ट लावलंस न्हवं? मुंग्या लई हायेत."