वजा एक आक्का

रविवार, २२ ऑक्टोबर १९७८. सकाळी साडेनऊ वाजता देसाई मास्तर माझ्याकडे आले आणि चहा नको म्हणाले. प्रकरण गंभीर होते.

मास्तर माझे शेजारी; भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आमच्या वस्तीला सारे कर्वेनगर म्हणू लागले तरी ते हिंगणेच म्हणतात. ‘नाव बदलल्याने टेकडी हलत नाही’ हे त्यांचे पालुपद.

त्यांचे मूळ गाव सीमेवर. राज्ये नव्याने आखली तेव्हा रेघ गावालगतच्या ओढ्यातून गेली. मास्तरांचे गाव महाराष्ट्रात राहिले. थोरली बहीण आक्का जिथे दिली होती ते पलीकडचे गाव कर्नाटकात गेले. त्या गावाची लोकसंख्या कोणी सांगितली की मास्तर म्हणतात, “वजा एक. आक्का आपल्याकडची.” जनगणनेच्या कारकुनालाही त्यांनी आक्काला आपल्याच घरात मोजायला सांगितले. तो मुकाट्याने पुढच्या घरी, म्हणजे माझ्याकडे, आला.

याहून कठीण त्यांची शपथ. सीमा हटेपर्यंत पलीकडे पाय ठेवायचा नाही, तिथले पाणी प्यायचे नाही. म्हणून दर भाऊबीजेला मास्तर ओढ्याच्या मधोमध एका खडकावर पाट मांडून बसत. आक्का घोटाभर पाण्यातून तबक घेऊन येई आणि ओवाळी. खडक कोणत्याच राज्याचा नाही, हा मास्तरांचा निवाडा.

“आक्काचा गुडघा गेला,” मास्तर म्हणाले. “भाचा काल सांगून गेला. ओढ्यात उतरवत नाही तिला.”

“मग तुम्ही पलीकडे चढा.”

“अहो, शपथ आहे.”

मी वर्तमानपत्र उघडले. मास्तर उठले नाहीत. खिडकीकडे पाहत म्हणाले, “गेल्या वर्षी वाऱ्यानं निरांजन सारखं विझत होतं. ती परत परत काठावर जाऊन लावून आणत होती. मी पाटावरून उठलो नाही.”

मी वर्तमानपत्राची घडी केली.

“ओढा उगम पावतो कुठे?”

“आपल्या डोंगरात.”

“आक्का पाणी कुठलं भरते?”

“ओढ्याचंच.”

“म्हणजे इतकी वर्षं आपलंच पाणी पिते. तुम्हीही प्या.”

मास्तरांनी हे मनाशी तपासले. “पाण्याचं मान्य. पायाचं काय?”

“तिचे थकले. तुमचे चालतात.”

मास्तर धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत राहिले. काचा स्वच्छच होत्या.

“सोबत याल?” त्यांनी विचारले, आणि मग चहा मागितला.

दुपारी मी स्वारगेटला जाऊन भाऊबीजेच्या आदल्या दिवसाची दोन तिकिटे काढली.