खालच्या मजल्याचा चार्ज

सोमवारी सकाळी साडेसात वाजता आमच्या खालच्या मजल्याच्या व्हॉल्वने स्वेच्छानिवृत्ती घेतली. चहाच्या वेळेला, तोंडी. आता तोंडी राजीनामा कुठेच चालत नाही. मी पंचायत समितीत तेहतीस वर्षं काढलीत, त्यातली शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. तेव्हा मी कागद आणला, त्याने मजकूर सांगितला, मी लिहून घेतला, आणि सहीच्या जागी त्याने गंजक्या पाण्याचा एक थेंब टाकला. मी दिनांक आणि वेळ घालून दोन प्रती केल्या.

पाचगणीत घर तापवायला लोक शेगडी पेटवतात. आमच्याकडे बॉयलर आहे. आमचे हे, चिंतामणराव, सोळा वर्षं बर्फाच्या देशात बॉयलरवर काम करून आले आणि इथे घर बांधताना म्हणाले, तिथल्यासारखंच हवं. हौसेला मोल नसतं. मागच्या पडवीत बॉयलर, भिंतीतून पाईप, खोल्याखोल्यांत त्या पाण्याने तापणारे रेडिएटर, आणि गरम पाणी कुठे सोडायचं ते बघायला तीन विजेचे व्हॉल्व: एक वरच्या मजल्याचा, एक खालच्याचा, एक न्हाणीघराचा. खोली गार पडली की थर्मोस्टॅट हुकूम सोडतो, व्हॉल्वची मोटर फिरते, पाण्याला वाट मिळते. पुरे झालं की वाट बंद. अकरा वर्षांत तिघांनी एका दिवसाचा खाडा केला नव्हता.

पण निवृत्तीला वेळ काय निवडली बघा. आमची मुक्ता साताऱ्याच्या दवाखान्यात होती. पहिलटकरीण, मुलगी झाली, तीही दिवस भरायच्या तीन आठवडे आधी. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की शुक्रवारी घरी सोडते, पण खोली सव्वीस अंशांवर हवी. शेगडीचा धूर नको, विजेच्या हीटरची कोरडी हवा नको. वरच्या खोलीत ठेवू म्हटलं तर मुक्ताला टाके, जिना चढायचा नाही. खोली तापत नसेल तर मायलेकी आणखी आठ दिवस दवाखान्यातच. मी फोनवर हे सगळं मुक्ताला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, मला घरी यायचंय." दोन दिवसांत करते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

आमचा प्लंबर सलीम नायकवडी. माणूस सुतासारखा सरळ. त्याने व्हॉल्वची रीतसर तपासणी केली आणि सांगितलं की मोटर जळाली आहे, आतला गोळाही गंजून अडकलाय, निवृत्ती मंजूर करण्यावाचून इलाज नाही. मंगळवारी तो साताऱ्याहून नवा व्हॉल्व घेऊन आला. बुधवारी वीज बंद केली, पाइपांतलं पाणी काढलं, कुठली वायर कुठे होती त्याला चिकटपट्ट्या लावल्या, जुना खोलला, पाणी कुठून कुठे जाणार त्या बाणाची दिशा दोनदा बघून नवा बसवला. पाणी भरलं, रेडिएटरांतली हवा काढली. सगळं कसं शिस्तीत. मग वीज चालू केली, थर्मोस्टॅटने हुकूम सोडला, आणि नवा व्हॉल्व जागचा हलेना.

वायर सुटली असेल म्हणून नायकवडीने वाकून पाहिलं. नव्या व्हॉल्वने अदबीने विचारलं की मला चार्ज कोणी दिलाय.

नायकवडी माझ्याकडे बघायला लागला आणि मी जमिनीकडे. तेहतीस वर्षं मी लोकांना शिकवत आले की जुना माणूस खुर्चीवरून उठायच्या आत चार्ज-यादीवर दोघांच्या सह्या घ्या, नाहीतर नंतर बोंबला. आणि माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत, जुना खोलून बाहेर काढला आणि यादी नाही. ज्याच्या हातात चार्ज नाही त्याने वाट उघडली तर उद्या जबाबदारी कोणाची? नवा बिचारा बरोबरच होता. मुक्ताच्या खोलीत तेव्हा अकरा अंश होते.

जुना स्टीलच्या ताटात, वर्तमानपत्रावर, जेवणाच्या टेबलावर मूग गिळून बसला होता. मी यादी घेऊन समोर गेले. चार्ज देणार नाही म्हणाला. का, तर वास्तुशांतीला कोणाकोणाला मान दिलात ते आठवा, मॅडम.

आठवायची गरज नव्हती, माझ्याकडे फाईल आहे. आमच्याकडे घरभरणीला ज्याचा त्याचा मान ज्याला त्याला पोचावा लागतो, त्यात चूक झाली की जन्मभराचा रुसवा. एकतीस नावं होती. बॉयलरला शाल-नारळ. पंपाला टॉवेल-टोपी. थर्मोस्टॅटला टॉवेल-टोपी. वरच्या मजल्याचा व्हॉल्व आणि न्हाणीघराचा व्हॉल्व, दोघांना टॉवेल-टोपी. खालच्या मजल्याच्या व्हॉल्वसमोर आधी लिहिलेलं होतं आणि मग माझ्याच शाईने खोडलेलं होतं.

खरं सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका टॉवेलसाठी माझी लेक दवाखान्यात अडकून पडणार? मी त्याला नाही नाही ते बोलले. हे मधे पडले, म्हणाले चूक आपली आहे, जरा दमाने घे. यांना काय, यांचं सगळ्यांशीच जमतं. मी तशीच बाजारात गेले, चांगला जाड टॉवेल आणि पांढरी टोपी आणली, हळदीकुंकू लावलं आणि ताटात त्याच्यापुढे ठेवली. त्याने बघितलंसुद्धा नाही. मागून दिलेला मान हा मान नसतो, असं नायकवडीच हळूच म्हणाला, आणि त्याचंही खरं होतं.

गुरुवार उजाडला, नायकवडी पुन्हा आला. डॉक्टरीणबाईंना संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं होतं. हे सातव्यांदा मुक्ताच्या खोलीत जाऊन थर्मोस्टॅट बघून आले. अकराच. तीन वाजता मुक्ताचा फोन आला, मी उचलला नाही. उचलून सांगणार काय? मग मी खुर्ची ओढली आणि ताटासमोर बसले.

"ऐक," मी म्हटलं. "त्या दिवशी यांच्या चुलतभावाचे व्याही कोरेगावहून न कळवता आले. एक टॉवेल-टोपी कमी पडली. कोणाचं तरी नाव काढावं लागणार होतं. मी यादी दोनदा वाचली. बाकीचे सगळे मला पाहुणे वाटले. तू तेवढा घरचा वाटलास. म्हणून तुझं खोडलं."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा घाई होती."

"अकरा वर्षं घाई होती?"

अकरा वर्षं ज्याला त्याला गरम पाणी पोचवायचं, आणि मनात धरून बसायचं की आपणच तेवढे नकोसे. नोकरीत मी कधी कोणाला चुकले म्हणाले नाही, पुराव्यानिशी दाखवलं तरी नाही. त्या ताटासमोर म्हणाले. "चुकले मी."

"कागद आणा, वहिनी," तो म्हणाला.

वहिनी! नायकवडी तोंड फिरवून पाना पुसायला लागला. मी धावत जाऊन यादी आणली.

चार्ज द्यायला त्याने पाऊण तास घेतला, आणि असा चार्ज मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. रेडिएटर पाच. स्वयंपाकघरातल्यात दर दिवाळीला हवा धरते, ती काढून घ्यावी. बैठकीतला आधी वरून तापतो, घाबरू नये. चिंतामणराव पहाटे पाचला उठून पाय शेकतात, तेव्हा पावणेपाचलाच वाट उघडावी, हुकमाची वाट पाहू नये. आणि शेवटचं कलम त्याने दोनदा लिहायला लावलं: मुक्ताच्या खोलीतला रेडिएटर तापायला लागला की दोनदा टकटक करतो. लहान मूल दचकेल. तरी टकटक होण्याआधी नव्या व्हॉल्वने घरात तसं सांगावं.

नव्याने प्रत्येक कलम वाचून घेतलं, शंका विचारल्या, आणि थेंब टाकून सही केली. जुन्यानेही केली. साक्षीदार म्हणून नायकवडीने केली. मी शिक्का मारला. माझ्याकडे अजून आहे. चार वाजून दहा मिनिटांनी थर्मोस्टॅटने हुकूम सोडला, नवा फिरला, आणि भिंतीतून पाणी गेल्याचा आवाज आला. सव्वापाचला खोली सव्वीसवर. मी मुक्ताला फोन लावला आणि काही बोलायच्या आधीच रडायला लागले, त्यामुळे ती उगीच घाबरली.

शुक्रवारी मायलेकी आल्या. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, मुक्ताच्या पायांवर पाणी घातलं, अर्थात गरम. ती खोलीत गेली, रेडिएटरला पाठ लावून उभी राहिली आणि डोळे मिटले. मला तेवढं पुरे होतं.

रविवारी बारसं. आमच्याकडे बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला बाळासारखं नटवतात आणि पाळण्याच्या वरून-खालून बायका एकमेकींच्या हातात देतात. या वेळी वरवंट्याने आदल्या दिवशीच ना-हरकत लिहून दिली होती. मग आम्ही जुन्या व्हॉल्वला राखेने घासून लख्ख केलं, मुक्ताने त्याला बाळाचं टोपडं घातलं, मी काजळाचा ठिपका लावला. मुक्ताने तो पाळण्याखालून दिला, मी वरून घेतला, मी खालून दिला, मुक्ताच्या नणंदेने वरून घेतला. वजनाला बाळापेक्षा थोडासाच कमी भरला. मग त्याला पाळण्यात पायथ्याशी ठेवलं, बाळाला निजवलं, नणंदेने वाकून कानात नाव सांगितलं: ऊर्मी.

मग मानपान. कोरेगावचे व्याही यंदाही न कळवता आले होते, पण टॉवेल-टोप्या मी चार जास्तच आणल्या होत्या. या खेपेला यादी मी उभं राहून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, आणि नाव वाचलं की हे ज्याचं त्याला नेऊन देत होते. डॉक्टरीणबाई, साडी. नायकवडी, टॉवेल-टोपी. खालच्या मजल्याचा नवा व्हॉल्व, टॉवेल-टोपी. बॉयलरला पुन्हा शाल, त्याला नाही तर चालत नाही.

सगळ्यात शेवटी एकच नाव राहिलं. मी चष्मा सारखा केला.

"खालच्या मजल्याचा व्हॉल्व, निवृत्त," मी वाचलं. "घरचा. मान नाही."

पाळण्याच्या पायथ्याशी टोपड्यातून पाण्याचा एक थेंब दुपट्यावर उतरला, तो मुक्ताने पदराने टिपला. तेवढ्यात नव्याने पडवीतून आवाज दिला की आता टकटक होईल. रेडिएटर दोनदा वाजला, आणि ऊर्मी झोपलेलीच राहिली.