ग्लेनिसच्या कुरणातला कुरल

न्याहारीच्या टेबलावर इद्वलच्या हातातला टोस्ट चहात बुडाला तो बुडालाच. बाहेर कुरल पक्षी ओरडला होता!

"ऐकलंस, नेस्टा?"

"ऐकलं. टोस्ट काढ आधी," बायको म्हणाली.

जिल्ह्यात कुठले पक्षी कुठे घरटी करतात याचा नवा नकाशा तयार होत होता. त्यातला वेल्सच्या या डोंगरउताराचा चौकोन पाहणीसाठी इद्वलकडे होता. मागच्या नकाशात इथे कुरलाचे ठिपकेच ठिपके होते. यंदा एकही नाही. त्यामुळे शेजारच्या ग्लेनिसच्या कुरणाकडून ती लांब, थरथरती शीळ रोज सकाळी यायला लागल्यावर त्याला दम धरवेना. लांब वाकड्या चोचीचा तो पक्षी दिसला नव्हता; पण गवत कमरेइतकं, दिसणार कसा? त्याने ठिपका कळवून टाकला आणि ग्लेनिसचं दार ठोठावलं.

"गवत इतक्यात कापू नकोस गं. पिल्लं असतील त्यात."

"आणि हिवाळ्यात माझ्या मेंढ्यांनी काय खायचं? तुझा नकाशा?" ग्लेनिस फणकारली. पण थांबली.

मग पाऊस लागला. गवत आडवं झालं, कुजायला लागलं. त्यात कुरल आल्याची बातमी फुटली आणि दुर्बिणी घेतलेली माणसं गोळा झाली. जाताना त्यांनी ग्लेनिसचं फाटक उघडं टाकलं. मेंढ्या बाहेर पडल्या आणि नेस्टाचा सगळा कोबी फस्त करून मोकळ्या झाल्या.

"आता जेवायलाही कुरलाकडेच जा," नेस्टाने सांगून टाकलं.

इद्वल खालमानेने ग्लेनिसची माफी मागायला गेला. दोघं अंगणात उभी असतानाच कुरल ओरडला. पण कुरणातून नव्हे, वरून. धुराड्यावर एक काळी, ठिपकेदार भोरडी गळा फुगवून बसली होती. तिने पुन्हा तीच शीळ घातली.

"नकला करतात या," इद्वल कसाबसा म्हणाला. "इथे कुरल होते तेव्हा ऐकलं असेल हिने..."

"म्हणजे माझं गवत मी हिच्यासाठी कुजवलं? इद्वल, तुला ना मी..."

तेवढ्यात भोरडीने वेगळीच शीळ घातली. दोन आखूड सूर आणि मग एक चढता. पायरीशी पेंगणारा ग्लेनिसचा म्हातारा कुत्रा मॉस ताडकन उठला आणि लंगडत फाटकाकडे धावला.

ग्लेनिस धुराड्याकडे वळली.

"एमलिन," ती म्हणाली.

नवरा जाऊन तिला दोन वर्षं झाली होती. कुत्र्याला तो असंच बोलवायचा.

इद्वलने टोपी काढली. "ठिपका खोडायला सांगतो मी. चुकलंच माझं, ग्लेनिस. नीट बघायला हवं होतं."

"कळलं रे. जरा गप्प बस," धुराड्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "परत शीळ घालेल ती."

फाटकाशी मॉस शेपटी हलवत रस्त्याकडे बघत उभा होता. त्याला आत बोलवायला हवं होतं. पण हाक कुणी मारायची, ते दोघांनाही ठरवता येईना.