अल्माताईंची शिकवणी

आठल्येकाकांच्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात दही असतं, मधल्या कप्प्यात दुधीभोपळा, आणि सगळ्यात खाली, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, एका मेलेल्या पक्ष्याचा पंख. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण मी विरजण मागायला गेले होते, काका आतल्या खोलीतून म्हणाले, "खालच्या डब्यात बघ," आणि मी जरा जास्तच खालचा डबा उघडला.

आता ज्यांना आठल्येकाका माहीत नाहीत त्यांना यात हादरण्यासारखं काय ते कळायचं नाही, म्हणून सांगते. जर्मनीत, बाड हॉम्बुर्गमधल्या आमच्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, काका पहिल्या. मूळचे सांगलीचे. कार्ल्सरूहेला शिकायला आले, मग इकडे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत लागले आणि तिथूनच रिटायर झाले. लग्न केलं नाही. का, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती नाही. जन्मात अंडं खाल्लेलं नाही. बेकरीत गेले की केकमध्ये अंडं आहे का हे तर विचारतातच, वर पाव कुठल्या सुरीने कापला याचीही चौकशी करतात. आमच्याकडे गणपतीला जेवायला आले तरी आधी स्वयंपाकघरात डोकावून कढई कोणती घेतलीय ते बघून जातात. आमच्याकडे कधीमधी चिकन होतं हे त्यांना जिन्यातल्या वासावरून माहीत आहे.

बोलायची त्यांची एक ठरलेली तऱ्हा आहे. "गेनाऊ, पण तसं नव्हे." गेनाऊ म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर'. म्हणजे आधी तुमचं सगळं मान्य करायचं आणि लगेच खोडून टाकायचं. काका, आज थंडी जास्त आहे. गेनाऊ, पण तसं नव्हे. मग कसं, ते काही सांगत नाहीत. माझा नवरा निखिल म्हणतो, या माणसाने कंपनीत एवढी वर्षं मीटिंगा कशा केल्या असतील देव जाणे.

तर अशा माणसाच्या फ्रीजमध्ये पंख होता आणि तो अल्मासाठी होता.

अल्मा ही तळमजल्यावरच्या ब्रांट आजोबांची कुत्री. ब्रांट शिकारी होते. ते आणि काका कित्येक वर्षं रविवारी गावाबाहेरच्या शेतांतून फिरायला जायचे, एकाच्या खांद्यावर बंदूक आणि दुसऱ्याच्या खांद्यावर ताकाचा थर्मास. यांची दोस्ती कशावर टिकली होती हे मला आजही समजलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात ब्रांटांनी हे पिल्लू आणलं, पक्षी हुडकणाऱ्या जातीचं, पांढरं-तपकिरी, लांब कानांचं. थंडी पडायच्या आत ते जिन्यात घसरले, कमरेचं हाड मोडलं, आणि त्यांची मुलगी त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. तिच्या घरमालकाला कुत्रं चालत नव्हतं. जाताना ब्रांटांनी पट्टा काकांच्या हातात दिला.

हे पिल्लू जिच्याकडून आणलं होतं ती फ्राऊ झायडल, म्हणजे झायडलबाई, एकदा येऊन बघून गेली. सरळ बाई. ती काकांना म्हणाली, "मार्चमध्ये मी परत येते. हिला पक्ष्यांची ओढ लागलेली दिसली तर चांगल्या शिकाऱ्याकडे देईन, ही कुत्री त्या कामासाठीच असतात. नाही दिसली, तर राहू दे तुमच्याकडेच." जाताना सरावासाठी म्हणून तो पंख देऊन गेली.

आणि अल्मा? कचऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलं की ती सोफ्याखाली. कुणी छत्री उघडली की सोफ्याखाली. एकदा गॅलरीच्या कठड्यावर साधं कबूतर येऊन बसलं, तर ही पक्ष्यांची शिकारी काकांच्या दोन पायांच्या मध्ये शिरून थरथरत होती. दिवसभर काकांना चिकटून असायची. ते संडासात गेले तर दाराबाहेर बसायची.

म्हणजे हिशोब सरळ होता. काकांचा जीव तिच्यावर जडलेला होता, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. सख्ख्या भावाला अरे-तुरे करणारा माणूस तिला अहो-जाहो करत होता. ती घाबरटच राहिली असती तर कायमची त्यांची होती. काही करायचीच गरज नव्हती. आणि हे गृहस्थ रोज सकाळी मागच्या हिरवळीवर, काठीला दोरी, दोरीला पंख, असं बांधून तिला शिकार शिकवत होते.

मी न राहवून विचारलं, "अहो काका, ती नापास झाली तर तुमच्याकडे राहणार ना? मग होऊ द्या की नापास."

"गेनाऊ," काका म्हणाले, "पण तसं नव्हे."

मी कपाळाला हात लावला.

शिकवणी बघायला मी खिडकीत उभी राहायचे. काका एका हाताने काठी हलवायचे आणि तोंडाने आग्रह करायचे. "घ्या ना अल्माताई. थोडंसं तरी. लाजू नका, घर आपलंच आहे." आपल्याकडे जावयाला जिलबी वाढताना करतात, तोच आग्रह. आणि आग्रहाने कधी कुणाची भूक वाढली आहे? ती एकेक पाऊल मागे जायची. शेवटी काका दमायचे, खिशातून सांडशी काढायचे, तिच्यात तो पंख धरायचे, मान दुसरीकडे वळवून, नाक मुरडून डब्यात टाकायचे आणि तडक हात धुवायला पळायचे. सांडशीने धरलेल्या पंखासाठी कोपरापर्यंत साबण.

एके दिवशी माझ्या लक्षात आलं की अल्मा पंखाकडे बघतच नाही. ती काकांच्या तोंडाकडे बघते. आमच्या घरी असंच आहे. निखिल पोरीला कारलं वाढताना स्वतःच तोंड वाकडं करतो, मग ती कशाला खाईल? मी खाली गेले आणि सांगून टाकलं, "काका, तुम्ही तिला शिकार शिकवत नाही आहात. पंख ही किळसवाणी गोष्ट आहे एवढंच तुम्ही तिला रोज शिकवताय. तिचं शिक्षण उत्तम चाललंय."

काकांनी 'गेनाऊ'सुद्धा म्हटलं नाही. डबा काखेत घेतला आणि निघून गेले. मला वाटलं, रागावले. दोन दिवस मी जिन्यात पाय न वाजवता जात होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका हिरवळीवर आले तेव्हा हातात काठी नव्हती आणि सांडशीही नव्हती. ते गवतात फतकल मारून बसले, डबा उघडला आणि तो पंख उघड्या हाताने उचलला. मग त्यांनी तो नाकाशी नेला, डोळे मिटून हुंगला आणि ताजा अत्तराचा फाया हुंगावा तसा चेहरा करून म्हणाले, "वा!" डोळ्यांतून पाणी आलं होतं. परत हुंगला. परत "वा!" तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. कुणाला घ्या म्हणत नव्हते, लाजू नका म्हणत नव्हते.

अल्मा लांब उभी होती. मग एक पाय पुढे आला, मग दुसरा. ती हळूच काकांच्या मांडीपाशी आली आणि तिने नाक त्या पंखात खुपसलं. मी खिडकीत एकटी टाळ्या वाजवत होते आणि आतून निखिल विचारत होता की काय झालं.

त्यानंतर मी त्यांची ड्रायव्हर झाले, कारण काकांना गाडी येत नाही. दर रविवारी त्या दोघांना घेऊन शेतांकडे. काकांची मला सक्त ताकीद होती की तिच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, आपलं आपण चालायचं. मला गप्प राहणं म्हणजे शिक्षाच. पण चमत्कार झाला खरा. आधी गवतातून पाखरू उडालं की ती आमच्याकडे पळत यायची. मग नुसती दचकायची. मग एकदा त्याच्यामागे धावली, आणि परत आली तेव्हा चिखलाने माखलेली होती आणि तिचे कान वेगळेच दिसत होते. काका खुशीत ताक पीत होते. मला मात्र वाईट वाटायला लागलं होतं, म्हणून मी परत तोच प्रश्न विचारला. तुम्ही हे का करताय?

या वेळी ते थर्मासचं झाकण लावता लावता म्हणाले, "मेधा, ती माझ्यापाशी बसते ना, ती भीतीने बसते. त्याला माया म्हणू नये." मग म्हणाले, "मी कार्ल्सरूहेला आलो तेव्हा असाच होतो. कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल धरून बसायचो. इथे नोकरीला लागलो, इथेही कोपराच धरला. ब्रांटनी एकदा दार ठोठावलं म्हणून शेतं तरी बघितली. बाकी राहूनच गेलं बघ."

मी त्यांच्या हातातला थर्मास घेतला आणि आम्ही गाडीकडे निघालो.

मार्चमध्ये फ्राऊ झायडल आली आणि आम्हाला तिच्या ओळखीच्या शेतावर घेऊन गेली. अल्माला सोडलं. ती वाऱ्यावर नाक रोखून निघाली, इकडे गेली, तिकडे गेली, आणि एका झुडपाच्या अलीकडे थिजून उभी राहिली. पुढचा एक पाय वर, शेपूट सरळ; या जातीची कुत्री पक्षी सापडला की अशीच जागच्या जागी उभी राहून दाखवतात. झुडपात काहीतरी होतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी काकांच्या कानाशी म्हटलं, "हाक मारा काका. अजून येईल ती." त्यांनी तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग त्यांनी ते मिटलं आणि माझी बाही घट्ट धरली. झुडपातून एक मोठा पक्षी फडफडाट करत उडाला आणि अल्मा जागची हलली नाही, फक्त त्याच्याकडे बघत राहिली.

"बघितलंस?" काका म्हणाले. "माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही." मुलगी बोर्डात आल्यावर बाप ज्या आवाजात सांगतो त्या आवाजात ते हे म्हणाले.

फ्राऊ झायडलने त्यांच्याशी हात मिळवला. तिच्या गाडीत मागे जाळीचा पिंजरा होता. अल्मा आत चढली आणि दार लागल्यावर मात्र वळली. जाळीतून सरळ काकांच्या तोंडाकडे बघायला लागली, पूर्वीसारखी, कान पाडून. आता काय करायचं ते ती त्यांना विचारत होती.

काकांनी चेहरा केला. तोच, पंख हुंगतानाचा. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "वा!" ते म्हणाले. "वा, अल्माताई!" तिचे कान उभे राहिले.

गाडी शेताच्या कडेने गेली, वळली, झाडांमागे दिसेनाशी झाली, तरी काका तसेच उभे होते, तोच चेहरा धरून. मी म्हटलं, "काका, गेली ती."

"गेनाऊ," काका म्हणाले.

मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते आलं नाही.