पुजलेला संडास

हागणदारीमुक्त गाव? माझ्या हातचा मळ! असं मी, त्र्यंबक गुरुजी, रोह्याच्या सभेत छातीठोकपणे सांगून आलो. निडी स्टेशनच्या पुढच्या आमच्या गावात सगळे ओढ्याकाठी बसायचे आणि तोच ओढा विहिरीत पाझरायचा. गेल्या पावसाळ्यात बायजाची लेक मालू जुलाबांनी मरता मरता वाचली. तिच्या इवल्याशा हातातली सलाईनची सुई बघून मला खरंच रडू आलं होतं.

मग खटपट करून सार्वजनिक संडास बांधून घेतला. लोकांना तो आपला वाटावा म्हणून उद्घाटनही दणक्यात! भटजी आणले, दाराला तोरण, भिंतीवर स्वस्तिक, उंबऱ्याला हळद-कुंकू, वर नारळ! इथेच माती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी बघतो तर दाराबाहेर चपलाच चपला! मला आनंदाचं भरतं आलं. जवळ गेलो, तर बायका हात जोडून उभ्या आणि आत रंभा उदबत्ती लावतेय!

"अगं रंभा, हे काय?"

"पूजा झालेली जागा हाय, गुरुजी. तिथं घाण करून पाप कोण घेल?"

आणि सगळे टमरेल घेऊन पुन्हा ओढ्याकडे! शनिवारी तर तपासणीला समिती येणार होती. सरपंच हैबतरावांनी हात झटकले. "पूजा तुम्ही घातलीत, आता बाटवा पण तुम्हीच!"

शनिवारी सकाळी मी बादली घेऊन निघालो. मागे अख्खं गाव! काळुरामने तर ढोलकी आणलेली. मी आत गेलो, कडी लावली, बसलो. बाहेर सगळे दाराला कान लावून.

"झालं का, गुरुजी?"

"नाही!"

"जोर लावा, गुरुजी!"

"अरे, घाई नको करू रे त्यांना!" हे हैबतराव. वर ढोलकी सुरू! अहो, अशानं कुणाला होईल? फळ्यापुढे उभी केलेली पोरं पाढा का विसरतात, ते मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात दारावर धाडधाड! सत्तरीच्या गिरजाबाई!

"गुरुजी, बाहेर या आधी! ओढ्यापर्यंत माझ्यानं जाववत नाय!"

मी बाहेर, त्या आत. थोड्या वेळानं पाणी ओतल्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाल्या, "काय होत नाय गो! देव रागवत नाय, आणि गुडघ्यांना पण बरं!"

लगेच बायजा मालूचा हात धरून आत शिरली. मग काय, रांगच लागली! माझा ऊर भरून आला. आणि नेमकं त्याच क्षणी पोटानंही मनावर घेतलं!

"अहो, सरका, मला जाऊ द्या!"

"रांगेत या, गुरुजी! तुमचा नंबर होऊन गेला!"

मी शेवटी उभा, कधी या पायावर तर कधी त्या. तोच समितीची जीप आली. रांग बघून साहेब खूश झाले, मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे का नाचताहेत?"

हैबतराव अदबीनं म्हणाले, "ते आमचे गुरुजी. गावाला सवय लागली, साहेब. यांनाच काय ती अजून नाय!"