लाल देठाचं तण

मुद्रितशोधकांना नको ते दिसलं, की हात शिवशिवतात. त्या सुट्टीच्या दुपारी त्यांना गॅलरीतल्या कुंडीत लाल देठाचं तण माजलेलं दिसलं. त्यांनी ते मुळासकट उपटलं, कचऱ्याच्या गाडीत टाकलं आणि तिथे गुलाबाची रोपं लावली. 'घरातलं एक काम करत नाही' हे बायकोचं वाक्य आज पुराव्यानिशी खोडलं गेलं होतं.

तेवढ्यात प्रयोगशाळेतून तिचाच फोन आला.

"अहो, डब्यातल्या अळ्यांना कुंडीतली चार पानं घाला. लाल देठाचीच हं. दुसऱ्या कशाला त्या तोंड लावत नाहीत. मी पाचपर्यंत येते."

"घालतो की," ते गुलाबांकडे बघत म्हणाले.

डब्यात सात अळ्या होत्या. त्यांचे पतंग व्हायचे ते नखाएवढे, करडे, पंखावर एकेक पांढरा ठिपका असलेले. हा पतंग फक्त दोन खोऱ्यांत सापडतो. त्यासाठी बायकोने तीन वर्षं डोंगर तुडवले होते, आणि तिचा सगळा प्रबंध आता या सात जिवांवर अडकला होता. मुद्रितशोधकांनी पालक घातला, कोबी घातला. अळ्या हलल्यासुद्धा नाहीत. त्यांनी भाजी उचलून घेतली आणि घड्याळ पाहिलं. साडेतीन.

शेजारच्या बंगल्याच्या हिरवळीत तेच तण होतं.

"थोडंसं घेऊ का?" त्यांनी माळ्याला विचारलं.

"घ्यायचं तर सगळं घ्या, साहेब. आणि मुळासकट. अर्धवट काम मला चालत नाही."

मुद्रितशोधक सव्वा तास गुडघ्यांवर रांगले. माळी सावलीत बसून लक्ष ठेवत होता. "तिकडं एक राहिलं," तो अधूनमधून सांगायचा.

धापा टाकत ते घरी आले, तर बायको आधीच आलेली. हातात डबा. त्यांनी तणाची जुडी पाठीमागे लपवली.

"अगं, त्याचं असं झालं..."

"बघा तरी," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "सातही जणींनी कोश विणायला घेतलेत. आता पानं लागणारच नाहीत."

मुद्रितशोधकांचा जीव भांड्यात पडला.

"पंधरा दिवसांनी पतंग निघतील, अंडी घालतील," ती पुढे म्हणाली. "तेव्हा मात्र ताजं तण भरपूर लागेल. बरं झालं, आपली कुंडी आहे."

जुडी तशीच लपवत ते गॅलरीत गेले आणि गुलाब उपटायला लागले. बायकोला स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची फक्त पाठ दिसत होती. तिला फार बरं वाटलं.

"कधी नव्हे ते कुंडीला हात लावलात," तिने आतून हाक दिली. "तेवढं लाल देठाचं मात्र उपटू नका हं."