फिलूबाय आणि लष्करी ट्रक

आमच्या मरोळच्या गावठाणात काहीही बिघडलं की फिलूबाय हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. "आत रडतंय," हे निदान. मिक्सर, चर्चचा पंखा, माझी स्कूटर, सगळे तिचे पेशंट. एकदा मला धाप लागली, तर तोच स्क्रूड्रायव्हर माझ्या बरगडीला लावून म्हणाली, "तू चालशील अजून." तरी मी गुपचूप डॉक्टरला दाखवून आलो.

फिलूबाय सत्तरीची. नवरा गेला, मुलं परदेशात. घरामागे उरला तो नवऱ्याने लिलावात घेतलेला जुना लष्करी ट्रक. युद्धाच्या सिनेमांसाठी तो गोरेगावला भाड्याने जातो. दुरुस्ती ती नवऱ्याच्या हाताखाली शिकली. मी निवृत्त बसड्रायव्हर, म्हणून चालवायला मी.

मागच्या हिवाळ्यात एक शूटिंग ठरलं. सैनिक झालेल्या पोरांना घेऊन ट्रक टेकडीवरून उतरणार होता. पण ब्रेक मारला की तो डावीकडे ओढायचा. फिलूबायने पुढचं उजवं चाक जॅकवर चढवलं, फिरवलं, कान लावला. मग चाक खोललं.

"बेअरिंग गेलंय. सील फाटून ग्रीस ब्रेकच्या लायनरवर उतरलंय. ब्रेक पकडणार कसा?"

सिनेमावाला मॅनेजर धावत आला. "मावशी, एकच शॉट आहे. हळू नेऊ."

"मग काय हळूहळू मरायचं?"

शूटिंग पुढे ढकललं. तिने दोन्ही बाजू खोलल्या. "एकाला नवं दिलं तर दुसरा रुसतो." रॉकेलच्या थाळीत बेअरिंग धुताना ती एकेक रोलर बोटावर फिरवून बघायची, तांदळातले खडे निवडावेत तशी. मी आयुष्यभर बस चालवली, पण ब्रेकसाठी इतका जीव टाकणारं माणूस पाहिलं नव्हतं.

शूटिंगच्या दिवशी पोरं ट्रकमध्ये चढायला लागली, तर ही आडवी. "थांबा रे. आधी तुमच्या वजनाइतक्या ह्या गोण्या भरा." सेटवरच्या खंदकातल्या वाळूच्या गोण्या मागे चढल्या. पाठोपाठ फिलूबायही.

"फिलूबाय, तू कशाला?"

"ब्रेक मी बांधलेत. पहिली मी बसणार. तू चालव."

उतारावर निम्म्यात मी पाय दाबला. अख्ख्या वजनासकट ट्रक सरळ रेषेत उभा राहिला. काचेतून मागे पाहिलं. गोणीला धरून ती डोळे मिटून बसली होती, ओठ हलत होते.

मग पोरं बसली, शॉट झाला. खाली आल्यावर ती ट्रकच्या मागच्या फळीपाशी उभी राहून एकेकाला हात देत होती. "सावकाश. बूट अडकेल." त्या धट्ट्याकट्ट्या पोरांना हाताची गरज नव्हती, तरी सगळ्यांनी धरला.

शेवटचा उतरून गेला. तिचा हात तसाच पुढे.

"चल, निघू," मी म्हटलं.

तिने ग्रीसने कायमचा काळा पडलेला तळवा पदराला पुसला. "खूप वर्षं झाली रे," ती म्हणाली, "कोणाला हाताला धरून उतरवलं नव्हतं."